पिकुनने मागितलेली माफी

माझ्या धाकट्या बहिणीच्या फाइलमध्ये एक ओळ होती. "रुग्ण औषधे नियमित घेत नाही, रुग्णाने चूक मान्य केली आहे." निळ्या शाईत, घाईघाईने खरडलेली, खाली सही. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या हातात डॉक्टरांसाठी नेलेल्या आंब्यांची पिशवी होती. पिशवी मी दारावरच्या शिपायाच्या हातात कोंबली, म्हटलं, "तुझ्या पोरांना घाल," आणि जिना उतरले. फाटकापर्यंत पोचेस्तोवर माझ्या तोंडून जे काही निघालं ते ऐकून रिक्षावाल्याने आपणहून भाडं कमी केलं.

मी लमाय. वय एक्केचाळीस. बँकॉकच्या पश्चिमेला, नाखोन चाइसीला थाचिन नदीच्या काठी आमची पपनसाची बाग आहे आणि हमरस्त्यावर माझं दुकान. मी भांडखोर आहे हे सगळा बाजार जाणतो. पिकुन माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि स्वभावाने अगदी उलट. कोणी तिच्या पायावर पाय दिला तर माफी तीच मागते. हे मी चेष्टेने सांगत नाही. बाजारात एका आडदांड मासेवाल्याने खरंच तिचं बोट चेंगरलं होतं आणि ही हात जोडून म्हणाली, "माफ करा हं, माझा पाय मध्ये आला." आमच्याकडे या भिडेचं केवढं कौतुक. मोठ्यांना त्रास द्यायचा नाही, शिकलेल्यांना उलट विचारायचं नाही, समोरच्याचा चेहरा पडेल असं बोलायचं नाही. पिकुन या सगळ्यात पहिल्या नंबराने पास झालेली. तिच्या या गुणाचा मला लहानपणापासून संताप येत आलाय.

अकरा वर्षांची असताना ती रांजणातलं पाणी तांब्यामागून तांब्या पिऊ लागली आणि दोन महिन्यांत तिची हाडं दिसायला लागली. आई तेव्हा नव्हतीच. बाबांना वाटलं, उन्हाळा बाधला. शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं की तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. त्या दिवसापासून जेवणाआधी सुई. सुईची कापडी थैली तिने स्वतः शिवली होती, कमरेला बांधायची. पपनसाची बाग असलेल्या घरातल्या त्या पोरीला आठवड्यातून एक फोड मिळायची, तीसुद्धा मी मोजून द्यायची.

आणि गंमत बघा, बागेत सगळ्यात चांगलं पपनस ओळखायची ती. मोठी झाल्यावर मालाच्या शेडमध्ये निवडायला बसायची. फळ दोन्ही हातांत घ्यायची, जरा वर-खाली करायची, अंगठा सालीवरून फिरवायची आणि सांगायची, "हे गोड. हे पाणचट. हे अजून ठेवा." कधी चुकली नाही. बँकॉकचे व्यापारी विचारायचे, "पिकुनने निवडलेला माल आहे का?" आमच्याकडे पपनस उतरवल्या उतरवल्या खात नाहीत. दहा-पंधरा दिवस शेडमध्ये ठेवतात, मग त्याला गोडी येते. तोवर फळ झाडाला विसरत असतं असं आम्ही म्हणतो. कुठलं फळ किती विसरलंय हे पिकुनला हाताने कळायचं. चाखायचं मात्र दुसऱ्यांनी.

एकोणतिसाव्या वर्षी तिची मूत्रपिंडं गेली. अठरा वर्षांच्या साखरेने हळूहळू पोखरली होती, डोळेही निम्मे नेले होते. तालुक्याच्या इस्पितळात आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनला जोडून रक्त धुवायचं. आता ती एक फोडही बंद, कारण फळांतला क्षार मशीनवरच्या माणसाला चालत नाही. मी म्हटलं, माझी किडनी घ्या. तपासलं तर माझ्याही रक्तात साखर निघाली. मी तपासणाऱ्या नर्सशी भांडले, जणू तिनेच ती घातली होती.

मग आम्ही बँकॉकच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर थावोन यांच्याकडे गेलो. देखणा माणूस, हात फार हलके, बोलणं त्याहून हलकं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नुसती किडनी बसवली तर पिकुनची साखर तिलाही हळूहळू खाणार. पण एकाच मृत दात्याची किडनी आणि स्वादुपिंड, दोन्ही मिळाली तर इन्सुलिन अंगातच तयार होईल आणि साखरेचा आजारच सुटेल. ऑपरेशन मोठं, धोका जास्त, पण वय बाजूने आहे. त्यांच्या खोलीबाहेर एक फलक होता. प्रत्यारोपणाला एक वर्ष झाल्यावर शंभरातल्या किती जणांची नवी अंगं नीट चालू आहेत ते त्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलेलं. आकडा होता त्र्याण्णव. येता-जाता डॉक्टर त्या फलकाकडे असे बघायचे की मला वाटायचं, घरी बायकोकडे तरी बघत असतील का.

तीन वर्षांनी, मार्च महिन्यात भर दुपारी, पिकुन शेडमध्ये रिकाम्या पेट्या लावत असताना फोन आला. कोणीतरी तरुण माणूस गेला होता. नाव सांगत नाहीत. आठ तास ऑपरेशन चाललं. चौथ्या दिवशी तिची इन्सुलिनची सुई बंद झाली. त्यानंतर कित्येक दिवस, ताट समोर आलं की तिचा हात कमरेच्या थैलीकडे जायचा आणि थैली नाही हे कळल्यावर ती आपल्याशीच हसायची. एकवीस वर्षांनी मी तिला मोकळ्या हाताने जेवताना पाहिलं.

घरी सोडताना नर्सने एक गोळी दाखवली. सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने, जन्मभर. एक वेळही चुकवायची नाही, नाहीतर शरीर परकं अंग ओळखेल आणि त्याच्यावर तुटून पडेल. पिकुनला ते लगेच समजलं. ती म्हणाली, "पपनस झाड विसरतं ना, तसं माझ्या अंगाला विसरायला लावायचं की हे दुसऱ्याचं आहे." नर्सला हे एवढं आवडलं की तिने ते वहीत लिहून घेतलं. आणि एक पुस्तिका दिली. त्यात फळांचं पान होतं. सगळी फळं खा, फक्त ग्रेपफ्रूट टाळा. शेजारी कापलेल्या लालसर फळाचा फोटो. आमच्या जिल्ह्यात ते फळ कोणी पिकवत नाही, कोणी खात नाही. बँकॉकच्या मोठ्या दुकानात कागदात गुंडाळून ठेवलेलं असतं म्हणे. कुठल्यातरी परदेशी पुस्तिकेतून जसंच्या तसं उतरवलेलं पान. बाबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हे आपल्याकडे नाही. सुटलो."

ती गोळी पिकुनने कशी घेतली ते मी सांगते, कारण फाइलमध्ये ते कुठेच नाही. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले की हातातलं काम जिथल्या तिथे थांबायचं. शेजारच्या लग्नात नवरा-नवरीच्या हातावर पाणी घालायला रांगेत उभी होती, सात वाजले, रांग सोडून आली. पहाटे भिक्खू होडीतून भिक्षेला येतात, त्यांच्या पात्रात भात घालून ती त्या अनोळखी दात्याच्या नावाने उदक सोडायची, रोज. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा टाकायची नाही. विहारात ॲल्युमिनियमचं पिंप असतं, डब्यांच्या कड्या, पत्रे, काय काय लोक आणून टाकतात, त्याचे पाय गेलेल्या लोकांसाठी कृत्रिम पाय करतात. पिकुन म्हणायची, "त्याचं वर्षश्राद्ध येईल तेव्हा सगळी पाकिटं एकदम देईन. त्याच्या नावाने कोणीतरी चालेल." डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून प्रत्येक पाकिटामागे जाड पेनाने तारीख घालायची. बिस्किटांच्या डब्यात साठवायची.

ऑगस्टअखेर पहिली पपनसं उतरली, सप्टेंबरात गोड झाली. तपासणीला जाताना आम्ही डॉक्टरांसाठी पेटी नेली. पिकुनने स्वतः निवडलेली बारा फळं. डॉक्टरांनी एक उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"वा. नाखोन चाइसीचं म्हणजे प्रश्नच नाही."

"आमच्या बागेतलं आहे, डॉक्टर," पिकुन म्हणाली.

"मग आता तुम्हीही खा की. साखरेची कटकट संपली. मनसोक्त खा. एकवीस वर्षांची भरपाई करा."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी तिथे उभी होते. हसत होते.

त्या संध्याकाळपासून मी तिला पपनस सोलून देऊ लागले. सुरीने सालीला चिरा पाडायच्या, सालीखालचं पांढरं अस्तर ओढून काढायचं, मग एकेक फोडीचा पापुद्रा सोलून आतले दाणे मोकळे करायचे. मीठ-साखर-मिरचीची वाटी बाजूला. पहिल्या दिवशी ती हसली नाही, रडली नाही, बोलली नाही. नुसती खात राहिली. अख्खं फळ संपवलं. मग म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी बरोबर सांगत होते." बाबा उठून होडीकडे गेले. रोज एक, कधी दोन. मोसम संपेपर्यंत, सप्टेंबर ते नोव्हेंबर, एक दिवस चुकला नाही. पुढचं सगळं या सोलण्यातून झालं, हे आम्हाला पुढच्या जूनमध्ये कळलं.

ऑक्टोबरात तिचे हात थरथरू लागले. फळ हातात धरता येईना. मी म्हटलं, फोन कर इस्पितळात. ती म्हणाली, "सुरुवातीला जरा थरथरेल म्हणाले होते ना. त्यांच्याकडे किती पेशंट असतात, ताई. कुठे त्यांना त्रास द्यायचा." तपासणीत गोळीची रक्तातली पातळी फार वर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. पुढच्या महिन्यात पातळी तरीही वर. अजून कमी. एका वेळच्या चारच्या दोन, दोनाची एक. काय खाताय, नवीन काय सुरू केलंय, एका माणसाने विचारलं नाही. मागे वीस जणांची रांग होती आणि पिकुन उठून दुसऱ्यांना जागा द्यायच्या घाईत होती.

नोव्हेंबर संपला, पपनसं संपली. डिसेंबरची तारीख इस्पितळानेच सुट्ट्यांमुळे पुढे ढकलली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पिकुनला ताप भरला, पोटात कळ, साखर चारशे. बँकॉकला पोचलो तेव्हा तिच्या शरीराने दोन्ही अंगं ओळखली होती. स्वादुपिंड काढून टाकावं लागलं. किडनी फेब्रुवारीपर्यंत कशीबशी तगली. त्या मार्चला, दात्याच्या वर्षश्राद्धाला, पिकुन पुन्हा तालुक्याच्या मशीनवर होती आणि कमरेला थैली होती. पाकिटांचा डबा तसाच फळीवर राहिला.

डॉक्टर थावोन जानेवारीत तिच्या खाटेशी आले होते. हातात रक्ताचा रिपोर्ट. मी बाहेर औषधं आणायला गेले होते, म्हणून हे मला नंतर पिकुनकडूनच कळलं. त्यांनी विचारलं, "गोळ्या घेत होतात ना?" ती म्हणाली, "हो." ते म्हणाले, "पातळी जवळजवळ शून्य आहे. रक्त खोटं बोलत नाही, पिकुन." आणि पिकुनने, तापाने फणफणलेल्या, पोटात परकं अंग मरत असलेल्या माझ्या बहिणीने, हात जोडले आणि म्हटलं, "माफ करा, डॉक्टर. माझीच चूक."

झालं. त्यांनी लिहून टाकलं.

मे महिन्यात तिचं नाव पुन्हा प्रतीक्षायादीत घाला म्हणून अर्ज केला. अर्ज परत आला. औषधं न घेणाऱ्या रुग्णाला दुसरं अंग देत नाहीत, असा नियम. कारण विचारायला गेले तेव्हा ती ओळ वाचली. घरी येऊन मी पिकुनवर एवढी ओरडले की कालव्यापलीकडचे लोक पडवीत आले.

"माफी कशाची मागितलीस? कशाची?"

"त्यांचा चेहरा फार उतरला होता, ताई. आठ तास उभं राहून त्यांनी ते केलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं."

"मग पाऊसपाण्याचं बोलायचंस."

"चुकलंच," ती म्हणाली. पुन्हा माफी. मी भांडं आपटून बाहेर गेले.

तालुक्याच्या इस्पितळात वरिसा नावाची औषधवाली मुलगी आहे. सव्वीस-सत्तावीसची, गुबगुबीत, सतत काहीतरी चघळत असते आणि सगळ्यांच्या चौकशा करते. मोठ्या इस्पितळातल्या एकालाही जे सुचलं नाही, ते तिने एका जूनच्या दुपारी पिकुनच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून सहज विचारलं.

"मावशी, गेल्या पावसाळ्यात ह्यांची पातळी गोळ्या कमी करूनही चढतच गेली. तेव्हा ह्या काय खात होत्या?"

"काय खाणार? भात, मासे, भाजी. आणि पपनस."

तिचं चघळणं थांबलं. "रोज?"

"रोज. मी सोलून द्यायची."

वरिसाने मग सावकाश सांगितलं. शरीर ती गोळी रोज थोडी थोडी मोडून टाकतं, त्या हिशेबाने किती गोळ्या ते ठरतं. ग्रेपफ्रूट हे मोडणं अडवतं, म्हणून गोळी रक्तात साठत जाते. आणि पपनस त्याच घराण्यातलं, तेही तेच करतं. साठलेल्या गोळीने हात थरथरले. डॉक्टरांनी गोळ्या उतरवत एकावर आणल्या. मग मोसम संपला, अडवणारं कोणी राहिलं नाही आणि ती एक गोळी शरीराने चुटकीसरशी मोडून टाकली. पातळी शून्यावर आली. पिकुनने एकही गोळी चुकवली नव्हती.

"पुस्तिकेत पपनस का नाही?" मी विचारलं.

"बाहेरच्या पुस्तिकेवरून केली असणार, मावशी. तिकडे कोण पपनस खातं?"

सुरी माझ्या हातात होती. अडीच महिने, रोज संध्याकाळी. मी घरी जाऊन बाबांवर कारण नसताना खेकसले, दुकानात दोन गिऱ्हाइकांना हाकललं, आणि मग पिकुनच्या पायाशी बसून सांगितलं, "मीच सोलून दिलं." ती बराच वेळ माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. म्हणाली, "तू मला काय दिलंस ते मला माहीत आहे. ते गोड होतं." एवढ्यावर मी रडून मोकळी व्हायला हवं होतं. मला जास्तच राग आला.

ऑगस्टमध्ये इस्पितळाच्या समितीने आम्हाला बोलावलं. वरिसानेच अर्ज लिहिला होता. आमच्याबरोबर आलीही, तिच्या वरिष्ठांनी नको म्हटलेलं असताना. वाटेत गाडीत तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. रुग्णाच्या हलगर्जीपणामुळे गेलेली अंगं त्या फलकावरच्या हिशेबात धरत नाहीत. पिकुनची ओळ खोडली तर तिचं अपयश इस्पितळाच्या नावावर चढणार. आता कळलं तो आकडा त्र्याण्णववरून हलत का नाही.

लांब टेबलाशी समितीचे पाचजण बसले होते. मध्ये पिकलेल्या केसांच्या अध्यक्षबाई, उजवीकडे डॉक्टर थावोन. मी बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला. चकचकीत पाकिटांचा ढीग, प्रत्येकाच्या पाठीवर पिकुनचं मोठं वाकडं अक्षर, एकही तारीख गाळलेली नाही.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गोळी पाकिटातून काढून फेकताही येते."

मी उठलेच होते. वरिसाने माझा झगा मागून घट्ट धरला आणि दोन कागद पुढे सरकवले. एकावर पिकुनच्या रक्ताची पातळी महिन्या-महिन्याने. दुसरा बाबांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा, त्यावर पपनस उतरवल्याच्या, गोड झाल्याच्या आणि मोसम संपल्याच्या खुणा.

ती म्हणाली, "गोळ्या निम्म्या केल्यावरही पातळी चढत होती, डॉक्टर. गोळ्या फेकणाऱ्याची पातळी चढेल कशी? ती चढायला लागली पपनस आल्यावर आणि पडली पपनस संपल्यावर."

"आणि मनसोक्त खा म्हणून कोण म्हणालं होतं?" मी म्हटलं. "पेटी कोणी नेली घरी? बारा फळं होती. साली टाकतानाही आठवलं नाही?"

डॉक्टर कॅलेंडरच्या कागदाकडे बघत राहिले. आठवलं असणार, कारण त्यांचे कान लाल झाले. अध्यक्षबाई त्यांच्याशी हळू आवाजात काही बोलल्या आणि मग आमच्याकडे वळल्या.

"हे बघा, जुन्या नोंदी आम्ही खोडत नाही. पण सहानुभूती म्हणून, खास बाब म्हणून, पिकुनचं नाव यादीत घेता येईल. ओळ तशीच राहील. विषय इथेच मिटवू."

आता खरं सांगते. मी, सगळा बाजार जिला घाबरतो ती, मनात म्हणाले, घे. ओळ गेली खड्ड्यात. नाव लागतंय ना? मशीनवर अजून किती वर्षं निघतील कोणाला ठाऊक. मी मान हलवायला लागलेसुद्धा.

तेवढ्यात पिकुन बोलली. बसूनच, हात मांडीवर.

"बाई, मला एक वस्तू परत हवी आहे."

"कोणती?"

"जानेवारीत मी डॉक्टरांची माफी मागितली होती. ती मला परत द्या."

ती डॉक्टरांकडे वळली. तेवीस वर्षांत कुठल्याही डॉक्टरच्या डोळ्याला डोळा भिडवताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"मी चुकले नव्हते. तुम्हाला वाईट वाटत होतं म्हणून म्हणाले. तुम्ही ते लिहून घेतलंत. एक माणूस मेला, त्याचं मला मिळालं, ते मी टाकून दिलं असं त्या कागदावर आहे. मी रोज त्याच्या नावाने भात वाढलाय. असल्या ओळीखाली मला नाव नको."

"पिकुन," मी कुजबुजले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी फाइल स्वतःकडे ओढली. अध्यक्षबाई काही म्हणणार होत्या, त्यांनी हाताने थांबवलं. ते पान काढलं. खिशातलं पेन काढून त्या ओळीवर एक रेघ मारली, मग दुसरी, आणि बाजूला तारीख घालून काहीतरी लिहू लागले. लिहून झाल्यावर फाइल फिरवून आमच्यापुढे ठेवली. तिथे लिहिलं होतं की रुग्णाने सर्व गोळ्या घेतल्या, दोष सल्ल्यात होता. मग ते उठले आणि हात जोडले, कपाळापर्यंत, जसे आम्ही भिक्खूंपुढे जोडतो.

"माफ करा, पिकुन."

आमच्याकडे यावर एकच उत्तर असतं. काही नाही हो, चालायचंच. हे न म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी रागीट, पण मीही म्हणते, सवयीने. सगळी खोली त्याची वाट बघत होती. डॉक्टरही बघत होते, हात तसेच जोडलेले. पिकुनचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणते. जन्मभर म्हणत आली आहे.

तिने ओठ मिटले. ढिगातून एकेक पाकीट उचलून डब्यात भरलं, सगळी भरली, झाकण लावलं.

"पुस्तिकेत पपनस लिहा," ती म्हणाली. "आणि माझं नाव आज लिहाल का? उद्या माझा मशीनचा दिवस असतो."

डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.